बोनेटवरचा अँटेना

असले किस्से जमवायचे म्हणून कोणी जमवत नाही. गाडीच्या मागच्या भागात दोर, पाने, रिकाम्या बाटल्या, कुणाची तरी एकच चप्पल असं सामान साठत जातं ना, तसेच हे साठतात. मग एक दिवस कोणीतरी मागचं दार उघडतं आणि विचारतं, हे सगळं आलं कुठून?

आमच्या बाबतीत ते दार एका साध्या प्रश्नानं उघडतं. नवीन जीप घेतलेला कोणी उत्साही माणूस भेटतो आणि विचारतो, "मॅडम, गाडीवर वायरलेस सेट बसवायचा आहे. अँटेना कोणता घेऊ?" उत्तर खरं म्हणजे चहा संपायच्या आत देता येईल इतकं छोटं आहे. पण प्रवीण सोबत असला की तो म्हणतो, "सांगा ना ताई, आपल्या अनुभवाचं सांगा." मग चहा थंड होतो, आणि तो उत्साही माणूसही.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी वैशाली, जनावरांची डॉक्टर. राहते भंडाऱ्याला, पण दिवस जातो मोहाडीपासून अड्याळपर्यंतच्या गावांतल्या गोठ्यांत. माझी जीप जुनी, वर कापडी हूड. प्रवीणची मोहाडीजवळ राइस मिल आहे आणि त्याच्याकडं नवी, उंच, टणक टपाची जीप आहे, जिच्यावर तो बायकोपेक्षा जास्त बोलतो. मनोहर मास्तर अड्याळकडच्या एका शाळेत शिकवतात. त्यांची छोटी, उघडी, सेकंडहँड जीप. ती ते इतकी जपून चालवतात की बैलगाडी त्यांना हॉर्न देते. आणि चौथे देवराव काकाजी. कारध्याला घर. एका सरकारी खात्यात आयुष्यभर वायरलेस ऑपरेटर होते, आता रिटायर. त्यांच्याकडं गाडी नाही. ते कुणाच्याही गाडीत बसतात आणि त्या गाडीचे मालक होतात.

वैनगंगेला मोठा पूर आला तेव्हा आम्ही एकमेकांना भेटलो. कारध्याकडच्या वस्तीत पाणी शिरलं होतं, वीज नव्हती, मोबाइल नुसते हातात धरून फिरत होते लोक. ज्याच्याकडं जीप होती तो म्हातारी माणसं आणि शेळ्या बाहेर काढत होता. कोण कुठं अडकलंय हे कुणालाच कळत नव्हतं. मी आणि प्रवीण एकाच घरासाठी दोन बाजूंनी जाऊन आलो, आणि पलीकडच्या घरातली माणसं दुपारभर छतावर बसून राहिली. वाचली सगळी, पण ते छत मला अजून दिसतं. पूर ओसरल्यावर काकाजींनी आम्हाला धरून बसवलं, वायरलेसची परीक्षा द्यायला लावली, लायसन्स काढायला लावलं. आणि मग तो प्रश्न आला. सेट तर ठीक, पण अँटेना कोणता?

* * *

पहिला मान प्रवीणचा. त्यानं सगळ्यात लांब घेतला. फायबरचा, मागच्या बंपरवर उभा केला की मासे धरायच्या गळाच्या काठीसारखा वर जाऊन वाकणारा. टोकाला त्यानं छोटा लाल झेंडाही लावला. काकाजी म्हणाले, "एरियल घेतला का वरात काढून राहिला बे?" (अँटेनाला ते कायम एरियलच म्हणतात.) पण आवाज दूरवर जात होता हे खरं.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. मोहाडीच्या पुढं एका गावी मी गाय पाहायला गेले होते. प्रवीण मजूर पाहायला म्हणून त्याच बाजूला आला आणि गाडी तलावाच्या पाळीवर उभी केली. खाली पाण्यानं भरलेल्या बांध्यांमध्ये बाया ओळीनं वाकून रोवणी करत होत्या. डोक्यावर आभाळ मोकळं होतं, ऊन होतं. पश्चिमेला काळं दिसत होतं, पण ते फार लांब होतं.

मी गाडीजवळ गेले तेव्हा अँटेना गात होता.

दुसरा शब्द मला सापडत नाही. वारा अजिबात नव्हता. टोकाचा झेंडा खाली लोंबत होता. आणि तो दांडा बारीक, एकसुरी आवाज काढत होता, कोणी ओठ मिटून गुणगुणावं तसा. प्रवीणला मजा वाटली. त्यानं माईक खिडकीतून बाहेर काढला, दाबून धरला आणि कारध्याला घरच्या सेटवर बसलेल्या काकाजींना तो आवाज ऐकवला. काकाजींनी आधी विचारलं की हा आवाज कायचा आहे. प्रवीणनं सांगितलं. त्यानंतर काकाजींचा जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

"गाडी सोडा. बायांले वावरातून काढा. आत्ता."

आम्ही का म्हणून विचारलं नाही. पाळीवरून ओरडत खाली धावलो. बायांनी आधी आम्हाला वेड्यात काढलं, पण पुरात प्रवीणला पाहिलेली एक जण त्यांच्यात होती. ती निघाली, तिच्यामागं सगळ्या निघाल्या, चिखलाच्या पायांनी शाळेच्या पक्क्या इमारतीकडं पळत. एक म्हातारी तेवढी शेवटपर्यंत मागं. हातात पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची पेंडी धरून बांधीतच उभी होती आणि पाळीवरच्या अँटेनाकडं पाहत होती. मी तिला दंडाला धरून ओढत आणलं.

आम्ही व्हरांड्यात पाय ठेवला आणि वीज पडली. प्रवीणच्या अँटेनावरच. पावसाचा एक थेंबही तोवर पडला नव्हता. नंतर पाहिलं तर त्या दांड्याचे केरसुणीसारखे तंतू झाले होते आणि गाडीचं सगळं वायरिंग जळालं होतं.

काकाजींनी नंतर समजावलं की वीज पडायच्या आधी उंच धातूतून असा आवाज येतो कधी कधी, त्यांनी नोकरीत एकदा ऐकला होता. आमचं समाधान झालं. बायांचंही झालं. फक्त मी त्या म्हातारीला विचारलं, आजी, सगळ्या पळाल्या, तुम्ही काहून उभ्या राहिल्या?

ती म्हणाली, "तो माहं नाव घेऊन राहिला होता ना, बाई. मी त्याले सांगून राहिली होती, आता येत नाही म्हनून. रोवना बाकी आहे."

* * *

प्रवीणची गाडी दुरुस्तीला गेली आणि मास्तरांनी धडा घेतला की उंच अँटेना वाईट. त्यांनी लोहचुंबकाचा घेतला. टपावर नुसता ठेवायचा, चिकटतो. भोक पाडायचं नाही, रंग खराब होत नाही. मास्तरांच्या जीपला टपच नव्हता, म्हणून त्यांनी तो बोनेटच्या मधोमध ठेवला आणि चालवताना त्यांना रस्ता कमी आणि अँटेना जास्त दिसू लागला.

प्रवीणची गाडी परत आली तेव्हा आम्ही तीन गाड्या घेऊन अड्याळच्या पलीकडं जंगलाच्या कडेकडेनं जाणारा एक कच्चा रस्ता पाहायला निघालो. पुढं प्रवीण, मधे मी आणि माझ्या बाजूला काकाजी, शेवटी मास्तर. दोन्ही बाजूंना बांबू इतका दाट की मागची गाडी दिसत नव्हती. म्हणून काकाजी मधून मधून सेटवर हजेरी घेत होते. "प्रवीण?" तो म्हणायचा, आहे. "मास्तर?"

"मागेच आहो," उत्तर यायचं.

असं दुपारभर चाललं. रस्ता खराब होता, नाल्यात उतरून चढायचं होतं, आणि दर वेळी काकाजी विचारायचे आणि दर वेळी तेवढंच उत्तर यायचं, शांत, जवळचं, अगदी कानाशी बोलल्यासारखं. काकाजी मला म्हणालेही की मास्तरचा चुंबकवाला एरियल बरा निघाला, आवाज पाहा कसा साफ आहे.

डांबरी रस्त्याला लागलो आणि एका टपरीवर चहा सांगितला. मास्तरांची जीप बऱ्याच वेळानं आली. मास्तर उतरले ते रागावलेले. आम्ही त्यांना जंगलात टाकून निघून आलो, एकानंही उत्तर दिलं नाही, ते एकटे वाट शोधत आले, असं सगळं एका दमात बोलले. मग आम्ही त्यांच्या बोनेटकडं पाहिलं. अँटेना नव्हता. बांबूच्या फांदीनं सुरुवातीलाच कधीतरी तो उचलून नेला होता. केबलचं तुटलेलं टोक दारातून लोंबत होतं. काकाजींनी मास्तरांचा सेट चालू करून पाहिला. तो केव्हाच बंद पडला होता.

प्रवीण हळूच म्हणाला, "मास्तर, गंमत नोका करू. तुमी त दर वेळी बोलून राहिले होते. 'मागेच आहो' म्हनत होते."

मास्तरांचा राग उतरला. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी 'मागेच आहो' कधी म्हनलो? सेट घेतला तवापासून हजेरीले मी एकच शब्द बोलतो, तुमाले माहीत आहे. मी 'उपस्थित' म्हनतो."

आणि ते खरं होतं. ते सेटवर नेहमी उपस्थितच म्हणत. त्यावरून आम्ही त्यांची चेष्टाही करायचो. त्या दिवशी दुपारभर आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

टपरीवाल्यानं विचारलं, चहा किती? काकाजींनी मागं वळून रस्त्याकडं पाहिलं आणि म्हणाले, चारच.

* * *

आता माझा. माझ्या जीपला कापडी हूड, म्हणजे चुंबक चिकटायला जागा नाही. मागच्या बंपरवर लावायचा तर प्रवीणचं उदाहरण समोर होतं. मी एक मधल्या उंचीचा घेतला आणि आरशाच्या पट्टीवर बसवला. तो नीट चालत नव्हता. आवाज मधेच यायचा, मधेच नुसती खरखर. काकाजी म्हणत की त्याला खाली पुरेसा धातू मिळत नाही. बदलू, बदलू म्हणत मी तसंच चालवत होते.

एका गावी म्हैस अडली म्हणून निरोप आला. तलावाला लागून गोठा. म्हशीचा मालक माझ्याच वयाचा, शांत माणूस, बायको गरम पाण्याची घागर घेऊन उभी. रेडकू आडवं आलं होतं. मी खांद्यापर्यंत हात घालून ते वळवत होते आणि बाहेर जीपमधला सेट चालू राहिला होता.

मधेच सेट खरखरला. कोणी बोललं नाही. नुसतं माईक दाबल्यावर होतं तसं झालं आणि थांबलं. त्याच क्षणी गोठ्यातल्या सगळ्या गुरांनी माना वर केल्या. मला वाटलं आवाजानं दचकली. पण ती जीपकडं पाहत नव्हती. सगळी तलावाकडं पाहत होती.

परत खरखर झाली. परत माना. माझ्या हाताखालची म्हैस सुद्धा, जिला स्वतःचंच इतकं होतं, तिनंही मान वळवली. मी मालकाला म्हटलं, तेवढा माझा सेट बंद करून या, जनावरं बिथरतात. तो गेला, बंद करून आला.

सेट बंद होता. गुरं तशीच पाहत राहिली. मग त्यांच्या माना हळूहळू वळायला लागल्या, सगळ्यांच्या एकदम, तलावाकडून गोठ्याच्या दाराकडं. कोणी चालत यावं आणि आपण त्याच्याकडं पाहत राहावं, तशा. दाराजवळच्या दोन गाई बाजूला सरकल्या. एक इकडं, एक तिकडं. मधे वाट झाली.

दारात कोणी नव्हतं. तलावावर ऊन चमकत होतं.

मालकानं आपल्या बायकोकडं पाहिलं. तिनं घागर खाली ठेवली आणि पदर डोक्यावरून घेतला, घरात मोठं माणूस आल्यावर घेतात तसा. मालक माझ्याजवळ आला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमी बी जरा सरका."

मी सरकले. खरं सांगते, हात बाहेर काढला आणि भिंतीला लागून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मग म्हशीनं एक कळ दिली आणि रेडकू सरळ बाहेर आलं, पुढचे पाय, नाक, सगळं जिथं असायला पाहिजे तिथं. मी ते पूर्ण वळवलेलं नव्हतं.

मालकाची बायको रेडकाला पुसताना कौतुकानं म्हणाली, "आमच्या बुढ्याचा हात जिता होता तवा बी असाच हलका होता."

मी तो आरशावरचा अँटेना त्याच आठवड्यात काढून टाकला.

* * *

दरम्यान प्रवीणनं पुन्हा उंच अँटेना लावला होता. वीज काय दरवर्षी पडते का, असं त्याचं म्हणणं. हा आधीपेक्षा चांगला होता, ऐकायचाही लांबचं.

उन्हाळ्यात धरणाच्या बॅकवॉटरचं पाणी उतरतं तेव्हा पूर्वीच्या रस्त्यांचे तुकडे वर येतात, एखाद्या विहिरीचं तोंड, एखादा ओटा. तिथं पूर्वी गावं होती, ती आता दुसरीकडं वसली आहेत. आम्ही चौघं एका दुपारी तिथं डबे घेऊन गेलो होतो. प्रवीणच्या गाडीच्या सावलीत बसून जेवत होतो आणि त्याचा सेट चालू होता.

त्यात बाजार ऐकू यायला लागला.

माणसांची गलबल, तराजूची खणखण, बर्फाचे गोळे विकणाऱ्याची घंटी, कुणाचं तरी रडणारं लेकरू. मास्तर हसून म्हणाले की कुठल्या तरी बाजारात कुणाचा माईक दबून राहिला असेल. आम्ही मजेनं ऐकत बसलो. एक बाई वांगी घेत होती. चांगली घासाघीस चालली होती. तिनं भाव विचारला, विकणाऱ्यानं सांगितला, तिनं त्याला कमी करायला लावलं, मग एक वांगं फुकट मागितलं.

काकाजींनी हातातला घास डब्यात ठेवला. उठले, गाडीत वाकले आणि सेट बंद केला.

ते पाण्याकडं वळले. मग त्यांनी सांगितलं की समोर पाण्यात जो ओटा दिसून राहिला, तिथं आठवडी बाजार भरायचा. ते त्यांचं गाव होतं. ती बाई त्यांची माय होती. माय जाऊन आता जमाना झाला.

मी त्यांना समजावू लागले. म्हटलं, काकाजी, सेटवर आवाज बदलतो, कुणाचाही कुणासारखा वाटतो. तुम्हीच आम्हाला शिकवलं.

"आवाजाचं मी म्हनतच नाही, बेटा," ते म्हणाले. "आवाज फसवते. मी भाव ऐकला ना वांग्याचा."

परत येताना ते माझ्या गाडीत बसले. कारध्याला उतरताना म्हणाले की वैशाली, आता तुझा एरियल मी निवडतो. फार दूरचं ऐकणारा घ्यायचा नाही. जवळच्या माणसांचं नीट ऐकू आलं म्हणजे पुरे.

* * *

त्यांनी निवडला तो हातभर लांबीचा साधा स्टीलचा दांडा, बुडाशी स्प्रिंग. फांदी लागली तर वाकतो आणि परत उभा राहतो. बसवायचा बोनेटच्या कडेला, जिथं पत्र्याचा रंग थोडा खरवडला की त्याला खाली गाडीचा सगळा धातू मिळतो. कोणी विचारलं तर मी आजही हेच सांगते. हाच घ्या, तिथंच बसवा.

तो बसवला त्या रविवारची गोष्ट. हिवाळ्याची सकाळ, आभाळ भरलेलं. मोहाडीच्या बाहेर, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांच्या मधल्या रस्त्यावर आम्ही तिन्ही गाड्या उभ्या केल्या होत्या. काकाजींनी स्वतः पाना घेऊन दांडा बसवला, मीटर लावून पाहिलं, खूश झाले. मास्तरांनी थर्मासमधून चहा ओतला. आम्ही चौघंही माझ्या गाडीच्या बोनेटभोवती उभे होतो. चालू होता तो फक्त माझा सेट. मास्तरांची आणि प्रवीणची गाडी बंद, किल्ल्या त्यांच्या खिशात.

सेटमधून प्रवीणचा आवाज आला. "मास्तर, तुमची टोपी उडाली. बांधीत पडली."

मग मास्तरांचा. "राहू द्या. ऊन नाही आहे."

प्रवीण माझ्यासमोर उभा होता. त्याच्या तोंडात बिस्किट होतं. मास्तरांच्या डोक्यावर टोपी नव्हती.

मग माझा आवाज आला. मी त्याआधी स्वतःचा आवाज सेटवर असा ऐकला नव्हता, पण ओळखू आला. मी विचारत होते, "काकाजी, ऐकू येते का?" थोडं थांबून परत. "काकाजी, ऐकू येते का?" तिसऱ्या वेळी माझा आवाज बदललेला होता. तो कसा होता ते मी सांगणार नाही. त्यानंतर काहीच आलं नाही.

मास्तर म्हणाले की कोणी तरी आपली नक्कल करून राहिलं. प्रवीणनंही मान हलवली. आम्ही चहा संपवला आणि निघालो.

काकाजी माझ्या बाजूला बसले होते. पुढं मास्तरांची उघडी जीप, मागं प्रवीण. वारा सुटला होता, थंडी होती. मास्तरांनी कानाला वारा लागतो म्हणून टोपी घातली असावी. ते शपथेवर सांगतात की त्या वेळी त्यांच्या काहीच ध्यानात नव्हतं. गावाच्या वळणावर टोपी उडाली. मी ती माझ्या काचेसमोरून जाताना पाहिली.

सेट वाजला. "मास्तर, तुमची टोपी उडाली. बांधीत पडली."

बोलून झाल्यावर प्रवीणला कळलं. मला आरशात दिसलं, त्यानं माईक हातातून टाकला. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता ते बोलणार नाहीत, आणि मग झालं, संपलं. पण ते बोलले. नंतर म्हणाले, माझ्या मनात नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं. "राहू द्या. ऊन नाही आहे."

त्यानंतर माझी पाळी होती.

काकाजी माझ्या बाजूला होते. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. त्यांना ऐकू येते का, असं सेटवर विचारायचं काही कारणच नव्हतं. तरी माझा हात माईककडं गेला. मी त्याला जाऊ दिलं नाही, असं मला म्हणता येणार नाही. मी माईक उचलला होता, बोट बटनावर होतं. मान वळवून काकाजींकडं पाहायची मला हिंमत झाली नाही.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. गरम होता तो हात. माझ्या बोटांतून माईक सोडवून त्यांनी तो जागेवर अडकवला.

"आज नोको, बेटा," ते म्हणाले.

तेव्हापासून मी सेटवर काकाजींना कधी हाक मारली नाही. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं सेटवर येतो. आधी ते बोलतात, "आहो मी." मग मी बोलते.

मागच्या रविवारी त्यांचा आवाज आला नाही. मी जीपमध्ये बसून होते. प्रवीणनं मला विचारलं, ताई, काकाजी? मास्तरांनी विचारलं. मी माईक हातात घेतला, परत ठेवला, आणि गाडी सुरू करून पूल ओलांडून कारध्याला गेले.

काकाजी अंगणात खाटेवर बसले होते, ऊन घेत. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही. समोर दोन कप चहा करून ठेवलेला होता. मी त्यांच्या बाजूला बसले. मी विचारलं, काकाजी, आज सेटवर काहून नाही आले?

त्यांनी घराच्या दाराकडं बोट दाखवलं. आत टेबलावर त्यांचा सेट चालू होता. त्यातून माझा आवाज येत होता. मी त्यांना हाका मारत होते.

"सकाळपासून चालू आहे," ते म्हणाले. "म्हनून बाहेर येऊन बसलो."

आतून परत हाक आली. तिसऱ्या वेळची, त्याच बदललेल्या आवाजातली. आम्ही दोघंही उठलो नाही. काकाजींनी माझा कप माझ्याकडं सरकवला.

"पी," म्हणाले. "थंडा होते."